तांब्याचे देव

औंढ्यातल्या बयाबाईच्या घरी काचेची पेटी आली तेव्हा निम्मा गाव बघायला लोटला, आणि पेटीसोबत काय आलंय ते कळल्यावर सगळा गाव पाठमोरा झाला. लोकांचं असंच. फुकटचा तमाशा असला की टाचा उंचावून पुढं, आणि आतून खोकल्याची ढास ऐकू आली की तोंडाला पदर लावून मागं. कुणाला नावं ठेवायची? जीव सगळ्यांनाच प्यारा असतो.

पेटी आली होती लोणावळ्याच्या एका बंगल्यातून. मुंबईचे शेट तिथं हवा खायला यायचे. बयाबाईचा एकुलता एक मुलगा गेणू त्या बंगल्यावर कामाला होता. झाडलोट, दिवाबत्ती करता करता शेटनी त्याला आपल्या काचेच्या पेटीवर नेमला. लोखंडी चौकट, चारी बाजूंनी काच, काचेच्या सांध्यात लांबी भरलेली. आत पाणी, तळाला वाळू, वाळूत लावलेलं पाणगवत, आणि गवतातून हिंडणारे रंगीत मासे. खायचे नव्हेत, नुसते बघायचे. शेट संध्याकाळी खुर्ची टाकून पेटीपुढं बसायचे आणि डोक्यातला बाजार उतरवायचे. गेणूला आधी हसू आलं होतं. मासा तो मासा, त्याचं काय दर्शन घ्यायचं, तव्यावर टाकावा. पण माशांना दाणे घालता घालता, गवताची पिवळी पानं खुडता खुडता, काचेवरचं शेवाळ फडक्यानं पुसता पुसता त्यालाच त्याची गोडी लागली. शेट मुंबईला गेले की तोच पेटीपुढं उकिडवा बसायचा. घरी आल्यावर बायकोला, शालूला, सांगायचा की तिथं बसलं म्हणजे डोक्यात काही म्हणून राहत नाही.

मग त्याला खोकला लागला. खोकल्यातून पहिल्यांदा रक्त पडलं ते नेमकं बंगल्याच्या ओसरीवर, बाईसाहेबांच्या देखत. बाईसाहेब काही वाईट नव्हत्या, पण त्यांच्या पदरी लहान मुलं होती. गेणूची चटई त्यांनी जाळायला लावली, त्यानं हात लावलेली भांडी फेकायला लावली. पेटीतल्या पाण्यात याचे हात रोज बुडत होते हे आठवल्यावर पेटीसुद्धा घरात नको म्हणाल्या. माळ्यानं ती उचलून गटारावर उपडी केली. मासे चिखलात तडफडले आणि निपचित पडले. गेणू बघत उभा होता. रिकामी पेटी बैलगाडीत चढवली, शेजारी गेणू बसला, आणि दोघं एकदमच घरी आले.

त्या दिवसापासून गेणूच्या मनानं घेतलं की आपल्या हाताला विष आहे. आपण ज्याला हात लावू ते मरतं. माणसाच्या डोक्यात असा किडा शिरला की तो डॉक्टरच्या बापालाही निघत नाही. त्यात भर म्हणून सासरा कोंडाजी सुदुंबऱ्याहून गाडी जुंपून आला आणि शालूला व त्यांच्या रांगत्या लेकीला, कस्तुराला, घेऊन गेला. शालू रडली, दाराची चौकट धरून बसली, पण कोंडाजी म्हणाला की लेक मी नांदायला दिली, मरायला नाही. बयाबाईला त्याचा राग आला आणि तो बरोबर बोलतोय हेही कळलं. दोन्ही एकदम सोसायचं म्हणजे बाईच्या जिवाला फार होतं. तिनं सुनेच्या हातात भाकरीचं फडकं दिलं आणि तोंड फिरवलं.

गेणू खाटेवर पडला तो पडलाच. खायचा नाही, बोलायचा नाही. आई जवळ बसायला गेली की हातानं लांब हो म्हणायचा. शेवटी एका सकाळी बयाबाईनं ती रिकामी पेटी ओसरीवरून ओढत आत आणली, खाटेशेजारच्या खिडकीखाली लाकडी खोक्यावर ठेवली आणि कमरेवर हात देऊन त्याला विचारलं, की बाबा, हिच्यात आता काय काय घालायचं ते सांग. तिला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. तिला फक्त त्याला बोलतं करायचं होतं.

आणि गेणू बोलायला लागला. नदीची वाळू आण म्हणाला, आणली. धू म्हणाला, धुतली. अजून धू, पाणी निवळशंख निघेस्तोवर धू. मग वाळूवर ताटली ठेव, ताटलीवर पाणी ओत, म्हणजे गाळ उठत नाही. ओढ्याच्या डोहातलं फितीसारखं लांब गवत मुळासकट आण, मुळं वाळूत खोच, पण कोंब वर ठेव. बयाबाईनं आयुष्यभर भात लावलेला, तिला हे नवं नव्हतं. वितभर पाण्यात वाकून ती आवणाचं रोप लावावं तसं गवत लावायची आणि मुलाकडं बघायची. रतनबाई शेजारीण खिडकीबाहेरून म्हणाली, बया, पाऊस पडतोय तो कमी झाला म्हणून घरात खाचर केलंस का? त्यावर गेणू हसला. कित्येक दिवसांनी हसला. रतनबाईचे पाय धरावेत असं बयाबाईला वाटलं.

गवत आधी लागू दे, मग मासे, असं त्याचं म्हणणं. गवतानं मूळ धरलं, नवी पात फुटली, तेव्हा बयाबाईनं ओढ्यातून पदरानं मासे धरून आणले. बोटाएवढे, अंगावर निळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे. गेणूनं त्यांना पट्टेवाले नाव ठेवलं. कचेरीतले पट्टेवाले जसे काही काम नसताना इकडून तिकडं लगबगीनं फिरतात, तसेच हे फिरतात म्हणाला. गवतासोबत चार गोगलगायी फुकट आल्या. त्याही काच चाटत राहिल्या.

खाटेवर पडल्या पडल्या गेणू दिवसभर ते बघायचा. ऊन खिडकीतून आत आलं की गवताच्या पातीवर बारीक बुडबुडे धरायचे आणि एकामागून एक वर सुटायचे. त्याचा श्वास त्यांच्याबरोबर संथ व्हायचा. खोकला कमी झाला. सकाळी भिजवलेल्या कण्या चिमटीत घेऊन तो स्वतःच्या हातानं पाण्यात सोडायचा आणि मासे येऊन त्याच्या बोटांना तोंडं लावायचे. लावायचे आणि जगायचे. तो रोज हे बघायचा, आणि रोज थोडा माणसात यायचा.

एकदा एक पट्टेवाला उडी मारून बाहेर पडला. बयाबाईला तो पहाटे जमिनीवर कडक झालेला सापडला. गेणू उठायच्या आत ती ओढ्यावर धावली आणि तसाच दुसरा धरून पेटीत सोडून मोकळी झाली. पण गेणूच्या नजरेतून सुटतंय काय? मेलेल्याच्या शेपटीला टवका होता, याच्या नव्हता. त्यानं विचारलं, ही कानावर हात ठेवून बसली. मग त्यानं हसून सोडून दिलं. म्हणाला, आये, तू लय गोड खोटं बोलतीस. डाक्टर न्हाई म्हनला तरी तू व्हय म्हनून सांगशील. बयाबाई पण हसली. मासा उडी मारून मेला, हे त्याला तेव्हाच सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? पण पोटचं पोर आजारी असलं की आईच्या तोंडात खरं राहत नाही. दर वेळी लोणावळ्याच्या डॉक्टरकडून ती काहीतरी चांगलं घेऊन यायची, आणि त्यातलं निम्मं वाटेत तिनंच रचलेलं असायचं.

पाऊस उघडला, आणि एक दिवस गवताच्या बुडाशी सुईच्या टोकाएवढी पिल्लं दिसली. नुसते दोन डोळे आणि एक रेघ. गेणूनं आईला हाक मारून दाखवली. तो कोपरावर उठून बसला होता.

"आये, ह्ये माझ्या हातचं खाऊन वाढल्यात," तो म्हणाला. "माझ्या श्वासाशी ऱ्हाऊन पिल्लं दिली त्यांनी. मग कस्तुराला लांबून बघाया काय हरकत हाय?"

बयाबाई दुसऱ्याच दिवशी सुदुंबऱ्याला गेली. कोंडाजीनं ऐकून घेतलं, आणि आधी मी एकटा येऊन बघतो म्हणाला. आला. अंगणातूनच खिडकीशी उभा राहून त्यानं पेटी पाहिली, गेणूच्या बोटांना लागणारे मासे पाहिले, पिल्लं पाहिली. शेतकरी माणूस; जित्राब नांदतं तिथं घर बरं असतं एवढं त्याला कळत होतं. म्हणाला, दिवाळी होऊ द्या, मग पोरीला घेऊन येतो. अंगणात उन्हात बसू, पोर बापाला बघील, बाप पोरीला बघील.

त्यानंतर गेणूचं सगळं जगणं त्या दिवसाला टांगलेलं होतं. कस्तुरा आता उभी राहत असेल, पाऊल टाकत असेल, एवढंच तो बोलायचा. बयाबाईनं पेटाऱ्यातून गेणूच्या लहानपणचे चांदीचे वाळे काढून ठेवले. पोर अंगणात उतरली की तिच्या पायात घालायचे, आणि ती छुमछुम बापाला ऐकवायची, असा तिचा बेत होता.

पण दैव म्हणतात ते असं. दसरा झाला आणि गेणूला परत रक्त पडलं. या खेपेला ओंजळभर. बयाबाई लोणावळ्याला धावली. डॉक्टरांनी दूध-अंड्यांचं आणि मोकळ्या हवेचं सांगितलं, आणि सांगताना टेबलावरचा कागद सारखा केला. तिच्याकडं बघितलं नाही. अंगठेबहाद्दर असली तरी माणसाची नजर तिला वाचता येत होती. घरी येऊन ती म्हणाली, डॉक्टर म्हणतात उतार पडतोय.

माणसाचं माणसाशी संपलं की देव उरतो. बयाबाईच्या देव्हाऱ्यात टाक होते, तांब्याच्या पत्र्यावर ठोकलेले: घोड्यावरचा खंडोबा, भैरोबा, एकवीरा आई, आणि एक तिच्या गेलेल्या नवऱ्याचा. आपल्याकडं रीतच आहे, सगळे उपाय थकले की देव पाण्यात ठेवायचे. मनातलं होईस्तोवर देवांना कोरड्यात काढायचं नाही. त्यांनाही कळू दे जीव गुदमरणं म्हणजे काय असतं. घंगाळात ठेवावे तर गेणूच्या दृष्टीस पडले असते, आणि मग डॉक्टर खरं काय म्हणाला ते त्याला न सांगता कळलं असतं. बयाबाई विचार करत बसली आणि तिची नजर पेटीकडं गेली. याच्याहून चांगलं पाणी कुठलं? लेकाच्या उशाशी आहे. देवांना रात्रंदिवस तो दिसेल, त्याचा खोकला ऐकू येईल. आणि देवांच्या पायाशी मासेही सुखात राहतील.

तिनं टाक चिंचेनं घासले. लाल लख्ख निघाले. दुपारी गेणूचा डोळा लागला होता तेव्हा हात कोपरापर्यंत बुडवून तिनं ते गवताच्या मागं, मुळांशी, वाळूत उभे खोचले. वाळूनं निम्मे झाकले. हात जोडले आणि मनात म्हणाली, माझा लेक उठून अंगणात जाईल आणि पोरीला कडेवर घेईल, तेव्हाच तुम्हाला बाहेर काढीन. त्याच्या आधी नाही. अगदी नाही.

आधी गोगलगायी गळून पडल्या. काचेवरून सुटून वाळूवर उताण्या पडलेल्या गेणूला दिसल्या. मग पिल्लं. सकाळी होती ती संध्याकाळी नाहीत. बयाबाई म्हणाली, मोठ्यांनी खाल्ली असतील, माशाची जातच तशी. मग मोठे पट्टेवाले तोंड वर काढून पाण्याच्या कडेला लागून राहायला लागले. लगबग थांबली. कण्यांना येईनात. गेणूनं चिमूट पाण्यात धरली की बाजूला सरकायचे. एक गेला. दुसरा गेला. गेणूनं हात पाण्यात घालणं बंद केलं. मग पेटीकडं तोंड करून खोकणं बंद केलं. ढास आली की पलीकडं वळायचा, आणि त्या वळण्यानंच त्याला धाप लागायची.

"सुरू झालं," तो एकदा म्हणाला. "बंगल्यावर झालं त्येच."

बयाबाईनं पाणी बदललं. पाणी बदललं की मासे एखादा दिवस तरतरीत व्हायचे आणि परत मान टाकायचे. ती वाळूपुढं हात जोडून देवांना म्हणायची, लेकाला वाचवा, आणि तुमच्याच घरातल्या या मुक्या जिवांना तरी सांभाळा. काय म्हणावं या बाईला. मारणाऱ्यालाच राखणीचं साकडं घालत होती, आणि तिला ते ठाऊक नव्हतं.

दिवाळी तोंडावर आली तसा कल्हईवाला गावात आला. मारुतीच्या देवळापुढं भाता लावून बसला. रतनबाई तिचं पातेलं घेऊन गेली आणि त्यानं सगळ्यांदेखत तिला झापलं. पातेल्याची कल्हई उडाली होती, आत तांबं उघडं पडलं होतं, आणि त्यात रतनबाईनं दोन दिवस ताक ठेवलं होतं. घरदार ओकत होतं. कल्हईवाला म्हणाला, ताक कळकलं बाई, एवढंही कळत नाही? हंड्यातलं पाणी तुम्ही रोज उपसता, हंडा रोज घासता, म्हणून ते बाधत नाही. पण एखादी वस्तू तांब्यात मुरत राहिली की तांबं तिच्यात उतरतं. हिरवं येतं ते विष. मुंगीसुद्धा शिवणार नाही त्याला.

बयाबाई हंडा घेऊन ओळीत उभी होती. तिनं हंडा तिथंच ठेवला आणि घरी आली. ताक कळकतं, आमटी कळकते, चिंचेचं सार कळकतं, हे तिला पोरपणापासून ठाऊक होतं. उघड्या तांब्यात तिनं कधी आंबट ठेवलं नव्हतं. पण देव कळकतात, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

गेणू झोपला होता. तिनं हात पाण्यात घातला, वाळूतून खंडोबा उपसला. लाल लख्ख ठेवला होता तो हिरवा झाला होता. घोडा दिसत नव्हता, देव दिसत नव्हता, वरून बुळबुळीत हिरवा बुरा. नवऱ्याचा टाकही तसाच. तो हातात घेऊन ती बसली. बापानंच लेकाच्या पाण्यात विष सोडलं, आणि सोडायला लावलं तिनं.

आता बाहेर काढायचे म्हणजे काय, हेही तिला कळत होतं. नवस मोडायचा. लेक उठला नाही, पोरीला कडेवर घेतलं नाही, आणि देव कोरड्यात. म्हणजे तूच म्हणालीस, बये, की आता नको, मरू दे. आत ठेवायचे म्हणजे उरलेले मासे जाणार, आणि त्यांच्याबरोबर कस्तुराचं येणं जाणार. बयाबाईनं खंडोबाला परत वाळूत खोचायला हात खाली नेला, परत वर घेतला. तिला ओरडून रडावंसं वाटलं, पण लेक झोपला होता. एका पट्टेवाल्यानं तेवढ्यात काचेशी कूस बदलली आणि तो उताणा झाला. तेव्हा तिनं एकामागून एक सगळे देव बाहेर काढले. जेमतेम एक मासा हालत होता. तो तिनं मातीच्या मडक्यात, ओढ्याच्या ताज्या पाण्यात सोडला आणि मडकं चुलीपाशी नेऊन ठेवलं.

गेणू जागा झाला, रिकामी पेटी त्यानं पाहिली. तोच म्हणाला, की कोंडाजीमामांना निरोप धाड, पोरीला आणू नका.

मग बयाबाईनं सगळं सांगितलं. आयुष्यात इतकं खरं ती कधी बोलली नव्हती. डॉक्टरांनी नजर चुकवली तेही सांगितलं, देव पाण्यात ठेवले तेही, कल्हईवाला काय म्हणाला तेही. ओटीत बांधलेले हिरवे टाक काढून त्याच्या खाटेवर ठेवले. गेणूनं एक उचलला, उलटसुलट केला, आणि त्याच्या तोंडावर ते जुनं हसू आलं.

"ताकात बुडवलंस का गं ह्ये?" तो म्हणाला.

बयाबाईनं शपथ घेतली. त्याच्या डोक्यावर हात ठेवायला गेली, त्यानं डोकं मागं घेतलं.

"आये, मागं तू मासा बदललास. डाक्टर म्हनतो उतार हाय म्हनलीस. लय केलंस माझ्यासाठी," तो म्हणाला. "पर देवाच्या माथी नगं मारू. देव कुटं मारत्यात व्हय? माझंच हाय ते."

तिनं धावत जाऊन मडकं आणलं. हा बघ, म्हणाली, हा त्या पाण्यातून काढला आणि जगला. देवाच्या पाण्यातून काढला म्हणून जगला. मासा मडक्यात गरगर फिरत होता. गेणूनं वाकून पाहिलं, आणि चटकन तोंडावर धोतराचा सोगा धरला. मडकं चुलीपाशीच ठेव, म्हणाला. माझ्यापास्नं लांब गेला म्हनून जगला. हितं आणू नगंस.

खरंच ते दिसायला तसंच होतं. बयाबाईकडं आता फक्त खरं उरलं होतं, आणि त्याला गावात भाव नव्हता. निरोप मात्र तिनं धाडला नाही. पोर समोर उभी राहिली की विरघळेल, असं तिला वाटलं.

भाऊबीजेनंतर कोंडाजीची गाडी आली. बैलांच्या घुंगरांचा आवाज कोपऱ्यावर झाला तसा गेणू खाटेवर उठून बसला. क्षणभर त्याचा चेहरा असा झाला की बयाबाईला वाटलं, जिंकलं. गाडीत शालू होती, तिच्या मांडीवर कस्तुरा, नवं परकर-पोलकं घातलेली. बयाबाई वाळे मुठीत घेऊन अंगणात गेली. शालूनं पोरीला गाडीतच उंच धरलं, खिडकीतून दिसावी म्हणून. पोर हसत होती, दोन्ही हातांनी हवा मारत होती.

आतून आवाज आला, दार लाव. बयाबाई थांबली. मग परत आवाज आला, फाटलेला, की आये, तुला माझी आण हाय, गाडी फिरव.

तिनं वळून पाहिलं. खिडकीत गेणू नव्हता. तो खाटेवर भिंतीकडं तोंड करून आडवा झाला होता आणि त्यानं घोंगडी डोक्यावरून ओढून दोन्ही हातांनी तोंडावर गच्च आवळून धरली होती, आपला श्वास खिडकीबाहेर जाऊ नये म्हणून. घोंगडीखाली त्याचं अंग ढास दाबून दाबून हादरत होतं. ते बयाबाईला दिसलं, शालूलाही दिसलं. कोंडाजीनं खाली मान घातली आणि बैलांची वेसण धरून गाडी फिरवली. कस्तुरा गाडीतून उतरलीच नाही. वाळे बयाबाईच्या मुठीत तसेच राहिले.

गेणू थंडीत गेला. शेवटच्या दिवसांत आईलाही खोलीत येऊ देत नव्हता. चुलीपाशी मडक्यातला पट्टेवाला धडधाकट होता. पाणी बदलताना त्याची कूस चमकायची. बयाबाई खरं बोलली होती, याला साक्षीदार म्हणून जगात तेवढा तो एक मासा होता. त्याला विचारतो कोण?

पुढं रीतीप्रमाणं भावकीतल्या बायका म्हणाल्या, की गेलेल्याचा टाक करून देव्हाऱ्यात बसवायला हवा, नाहीतर जीव भटकतो. बयाबाई कामशेतच्या बाजाराला गेली, सोनाराच्या दुकानात बसली. सोनारानं घरचे देव कशाचे ते विचारलं. तांब्याचे म्हटल्यावर म्हणाला, मग हाही तांब्याचाच करू, ओळीत बसेल. बयाबाईनं कनवटीचे वाळे सोडून त्याच्यापुढं ठेवले.

"चांदीचा करा," ती म्हणाली. "तांबं नगं."

सोनारानं समजावलं, की नुसती चांदी मऊ असते, पूजेत घासून घासून नाकडोळे जातात. चांदीला कडकपणा यायचा तर थोडं तांबं घालावंच लागतं. एवढंसं, गुंजभर. कुणाला दिसणारसुद्धा नाही.

"नाकडोळं गेलं तर जाऊ द्या," बयाबाई म्हणाली. "गुंजभर बी नगं. त्याला पाण्यात हात घालायची सवं हाय. मासं मरत्यात."